काचेजवळचे केळवण

कुंदामावशी, आपला एक वाद अपुरा राहिला आहे, आणि तो पुढे चालवायला आता माझ्याकडे दुसरी बाजू उरलेली नाही.

काल तुझा तेरावा झाला. पाहुणे पांगले. नाशिकरोडच्या तुझ्या घरात आता मी, आई आणि सुधाकरकाका एवढेच आहोत, आणि आतल्या खोलीत कुणी झोपले असावे तसे तिघेही हळू आवाजात बोलतो आहोत. उद्या मला पुण्याला, प्रयोगशाळेत परतायचे आहे. सामान भरून झाले आहे. तरीही लिहायला बसले, कारण या दिवसांत भेटायला आलेली बहुतेक माणसे एकच वाक्य बोलून गेली: भाग्यवान होती, अहेव गेली. हिरवे लुगडे, कपाळभर कुंकू, भरलेली ओटी. त्यांनी हे पाहिले आणि त्यांचे समाधान झाले. मला ते वाक्य प्रत्येक वेळी टोचले. नवऱ्याआधी जाणे हे ज्यांच्या लेखी बाईचे भाग्य, त्याच माणसांनी सहा वर्षांपूर्वी ते भाग्य तुझ्या वाट्याला येऊ नये म्हणून किती खटपट केली होती, हे त्यांच्यापैकी एकालाही आठवत नव्हते. मला आठवत होते. आणि तुझी शेवटची ओटी कोणाच्या हातांनी भरली, हेही मी पाहिले. ते हात आईचे होते.

तू असतीस तर म्हणाली असतीस, 'मेधा, बायका चांगलंच बोलताहेत ना, मग घे की.' तुझा आणि माझा मूळ मतभेद हाच होता. कोण काय म्हणाले यापेक्षा ते का म्हणाले, इकडे माझे लक्ष असे. तू मात्र शब्दांमागची माया तेवढी वेचून घ्यायचीस आणि उरलेले भाजीच्या काड्यांसारखे बाजूला टाकायचीस.

मी बी.एस्सी.साठी येवल्याहून नाशिकला आले, तेव्हा आईने मला तुझ्या स्वाधीन केले. तुझे पहिले यजमान मनमाडला रेल्वेत होते. ते गेल्यावर त्यांच्या जागी तुला नाशिकरोडला नोकरी लागली आणि तू मखमलाबादचा माहेरचा मळा सोडून या दोन खोल्यांत आलीस, एवढाच तुझा इतिहास मला तेव्हा ठाऊक होता. त्या वर्षांत तू मला वाढवलेस असे लोक म्हणतात. आपण दोघी एकत्र राहिलो, असे म्हणणे अधिक अचूक होईल. संध्याकाळी मी दारात पाऊल टाकले की नुसत्या वासावरून तू त्या दिवशीचे प्रात्यक्षिक ओळखायचीस. कुजक्या अंड्यांचा वास आला की म्हणायचीस, 'आज पुन्हा तेच का? आधी अंघोळ.' परीक्षेच्या आधी मला अणूची रचना समजावून सांगायला लावायचीस आणि मध्येच अडवायचीस. 'मला कळेल असं सांग. मला नाही कळलं, तर समज की तुलाच कळलेलं नाही.' पुढे मी बऱ्याच परिसंवादांत बोलले, अवघड प्रश्नांना उत्तरे दिली. पण त्या वाक्याइतका कठोर परीक्षक मला अजून भेटलेला नाही.

सुधाकरकाकांबद्दल तू मला सांगितलेस ते मेथी निवडता निवडता. तुझ्याच कार्यालयात वरच्या मजल्यावर बसणारा, पत्नी वारलेला, कमी बोलणारा माणूस. त्यांनी तुला कार्यालयाच्या सायकल स्टँडवर विचारले होते. मी चकित होऊन म्हटले, सायकल स्टँडवर? तू मान वर न करता म्हणालीस, 'मग काय, पांडवलेण्यावर न्यायला हवं होतं?' त्यानंतर तू बराच वेळ हसत होतीस. तोंडावर पदर न धरता तुला हसताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिले.

आईला तू स्वतः जाऊन सांगितलेस. सकाळच्या एसटीने येवल्याला गेलीस आणि संध्याकाळी परत आलीस. आई ओरडली नाही, भांडली नाही. मोठ्या बहिणीच्या अधिकाराने ती म्हणाली होती, 'कुंदे, अठरा वर्षं काढलीस ना? अजून दोन-तीन काढ. माझ्या पोरीचं जमू दे आधी. मावशीनं या वयात लग्न केलं म्हटल्यावर लोक पोरीकडं कसं बघतील?' तू हे जसेच्या तसे मला सांगितलेस, आईच्या सुरात, आणि वर तिचीच बाजू घेतलीस. ताईच्या जागी असते तर मीही हेच म्हटले असते, असे तुझे मत पडले. माझा मात्र तोल गेला. नकारासाठी जे कारण पुढे केले गेले ते मी होते, आणि त्या कारणाला कुणी काही विचारलेच नव्हते. मला नुकतीच पुण्यात संशोधनाची पाठ्यवृत्ती मिळाली होती. माझ्या लग्नाचा विचार माझ्या डोक्यात सोडून इतर सगळ्यांच्या डोक्यात होता.

नोंदणी पद्धतीने लग्न करायचे, एवढे तरीही तुम्ही दोघांनी ठरवले. नोटीस लागली. आपल्या मळ्यावर लग्न ठरले की केळवणांची रीघ लागते. काकूंकडे, आत्यांकडे, गल्लीत, ओळखीत जेवून जेवून नवरीला लग्नातली चोळी पुन्हा उसवून घ्यावी लागते, अशी चेष्टा मी लहानपणापासून ऐकत आले होते. तुझ्या वाट्याला एकही केळवण आले नाही. कुणी नाही म्हटले नाही. कुणी विषयच काढला नाही. तेव्हा मी ठरवले की तुझे केळवण मी करणार. घरी केले असते तर मला स्वयंपाक येत नसल्यामुळे तुलाच तुझे केळवण रांधावे लागले असते. म्हणून हॉटेल.

हॉटेल निवडण्याचे काम मी हाती घेतले ते एखादा प्रयोग आखावा तशा गांभीर्याने. तुझी जुनी लूना घेऊन एक अख्खा रविवार शहरात हिंडले. सिंहस्थाच्या तयारीसाठी निम्मे नाशिक खणून ठेवले होते. एक रस्ता ओलांडायला दोन गल्ल्यांचा वळसा पडे. रविवार कारंजाजवळच्या जुन्या खानावळीतली आमटी मी आजवर चाखलेल्या आमट्यांत सर्वोत्तम होती, पण तिथे शेजाऱ्याचे कोपर आपल्या ताटात येई. रांगोळी सोडाच, पदर सावरायलाही जागा नव्हती. सीबीएसच्या बसस्थानकाजवळ एके ठिकाणी 'फॅमिली रूम' अशी पाटी होती. वर जाऊन पाहिले. लाकडी आडोसे आणि मळकट पडदे. पडदा ओढला की आत कोण बसले आहे हे कुणालाही कळणार नाही, असे वेटर अभिमानाने सांगत होता. मी तिथून तत्काळ निघाले. कॉलेज रोडला नवीन निघालेल्या पंजाबी हॉटेलात दुपारीही इतका अंधार ठेवला होता की समोर आलेला पदार्थ चवीवरूनच ओळखावा लागे. शेवटी महात्मा गांधी रोडवर पहिल्या मजल्यावरचे एक थाळीचे हॉटेल सापडले. रस्त्याच्या अंगाला भिंतभर काच होती. दिवसाचा भरपूर उजेड आत येई. खाली बाजार वाहत होता. भाजीवाले, कापडवाले, कार्यालयांतली माणसे, येवल्याहून कामासाठी आलेली माणसे. ज्याने मान वर केली त्याला काचेजवळ बसलेले माणूस दिसणारच. मला नेमके हेच हवे होते. मी काचेजवळचे टेबल सांगून ठेवले.

तुला मात्र गंगापूर रोडला जायचे होते. धरणाकडे जाताना आंब्यांच्या झाडांखाली टेबले मांडलेले एक हॉटेल होते, दुपारी तिथे चिटपाखरू नसते, शांतपणे बसता येईल, असे तू दोनदा म्हणालीस. मी दोन्ही वेळा उडवून लावले. लपून जेवायला तू काही चोरी केलेली नाहीस, असे मी तुला ऐकवले. 

'मेधा, हे माझं केळवण आहे की तुझा मोर्चा?'

'दोन्ही,' मी म्हटले.

'बरं. काचेजवळ तर काचेजवळ.'

इतक्या सहज तू कधी मागे हटत नसस. मी जिंकले असे समजून मी पुढच्या तयारीला लागले. नारळ, तांदूळ, खण घेतला. ओटी भरायला सवाष्ण हवी. मी अविवाहित, मला ती भरता येत नाही. हा नियम मला मान्य नव्हता, पण त्या दिवशी तुझे काहीच अर्धवट राहू नये असे मला वाटत होते. म्हणून येवल्याला फोन लावला आणि आईला सरळ सांगितले, या वारी, या वेळी, या हॉटेलात ये आणि बहिणीची ओटी भर.  पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज आला. मी तरीही टेबल तिघींसाठी सांगितले.

दिवाळी नुकतीच झाली होती. तू फिकट अबोली रंगाची सुती साडी नेसली होतीस आणि कपाळावर नेहमीची, जेमतेम दिसणारी काळी टिकली होती. जिना चढताना तू दोनदा थांबलीस. मला वाटले, गुडघा दुखत असेल.

हॉटेलवाल्यांना मी फोनवर केळवण आहे एवढेच सांगितले होते. कुणाचे, हे सांगावे लागेल असे माझ्या मनातही आले नाही. केळवण कुणाचे हे समोर माणसे आली की दिसतेच, असा सगळ्यांचाच समज असतो. दिसलेही. आपण आत शिरताच मॅनेजर लगबगीने पुढे आला, माझ्याकडे पाहून 'या, नवरी मुलगी या' म्हणाला आणि झेंडूची माळ लावलेल्या खुर्चीत त्याने मलाच बसवले. माझ्या समोरच्या ताटाभोवती रांगोळी होती. तुला त्याने शेजारची साधी खुर्ची दिली आणि मावशी का, असे विचारले. तू हो म्हणालीस. खोटे काहीच नव्हते.

मी उठायला लागले, तर तू माझा दंड धरलास. 'बस गं. लोक बघताहेत.' तुझा चेहरा मला अजून लख्ख आठवतो. त्यावर संकोच नव्हता. सुटका होती.

'बरं झालं,' तू म्हणालीस. 'आता नीट बोलता येईल. मी सुधाकररावांना नाही म्हणून कळवणार आहे.'

 तू शांतपणे पुढे बोलत राहिलीस. ताईचे बरोबर असेल. लग्न काय, थांबू शकते. 'तुझं आधी होऊ दे, मग बघू.' मी विचारले, मग म्हणजे कधी? तू म्हणालीस, मग म्हणजे मग. ही गोष्ट मला कुठेतरी निवांत सांगायची म्हणून तू आंब्याखालचे हॉटेल मागत होतीस, हे तेव्हा माझ्या ध्यानात आले. तुला लपायचे नव्हते. तुला फक्त नाही म्हणायला सावली हवी होती. त्यांना सांगितलेस का, एवढे मी कसेबसे विचारले. 'नाही. आधी तुला,' तू म्हणालीस.

लोकांच्या प्रत्येक आक्षेपावर माझ्याकडे उत्तर तयार होते. तुझ्या नकारावर नव्हते.   खुर्चीच्या पाठीवरची झेंडूची माळ मला मानेपाशी टोचत होती.

तेवढ्यात मालकीणबाई तबक घेऊन आल्या. लग्नसराईत केळवणाला येणाऱ्या नवऱ्या मुलींना त्या स्वतः ओवाळत. निरांजन, सुपारी, हळद-कुंकू. त्यांनी मला ओवाळले, माझ्या कपाळाला कुंकू लावले आणि रीतीप्रमाणे शेजारच्या बाईला लावण्यासाठी तुझ्याकडे वळल्या. त्यांची बोटे तुझ्या कपाळापर्यंत आली आणि त्यांची नजर तुझ्या गळ्याकडे गेली. हात तिथेच थांबला.

'लावू ना तुम्हाला?' त्यांनी हळू विचारले. त्यांच्या विचारण्यात वाईट काही नव्हते. असेच विचारायची पद्धत आहे.

या प्रश्नाचे तुझे उत्तर मला पाठ होते. संक्रांतीच्या हळदी-कुंकवांना, मळ्यावरच्या बारशांना, शेजारणींच्या डोहाळजेवणांना मी ते ऐकत आले होते. 'तिला लावा,' असे म्हणून तू हसायचीस आणि दुसऱ्या कुणाला तरी पुढे करायचीस. मी तुझ्याकडे पाहत होते. तू त्या बोटांवरच्या कुंकवाकडे पाहत होतीस.

'लावा,' तू म्हणालीस. आणि मग, कार्यालयात फाईल मागावी तशा साध्या आवाजात, 'आणि ते रांगोळीचं ताट इकडे घ्या. लग्न माझं आहे. ही माझी भाची.'

मालकीणबाईंनी एकदा माझ्याकडे पाहिले, एकदा तुझ्याकडे. 'अगं बाई. मग बसलात काय अशा? उठा की, खुर्च्या बदला.' आपण उठलो. झेंडूची माळ माझ्या ओढणीत अडकली, ती सोडवायला मॅनेजर धावला, आसपासच्या टेबलांवरचे घास थबकले. पलीकडच्या टेबलावरच्या एका लहान मुलीने स्पष्ट आवाजात विचारले, आई, त्या आजींचं लग्न आहे? तिच्या आईने तिला चूप केले, पण तू ऐकले होतेस. तू इतकी हसलीस की मालकीणबाईंच्या चिमटीतले कुंकू तुझ्या नाकावर सांडले. त्या म्हणाल्या, नाकावर सांडलं, म्हणजे नवरा जीव लावणारा आहे बरं का. ते पुसायला तू हात वर नेलास आणि पुसले नाहीस.

ओटी त्यांनीच भरली. नारळ घेताना तुझी नजर तिसऱ्या खुर्चीकडे गेली.

'ताईला बोलावलं होतंस?'

'हो.'

'मग?'

'आली नाही ना.'

'नाही म्हणाली, की फोन ठेवला?'

'फोन ठेवला.'

'मग नाही म्हणाली नाही,' तू म्हणालीस आणि ताटाभोवती पाणी फिरवलेस.

त्या संध्याकाळी तू सुधाकरकाकांना भेटायला गेलीस. लग्न ठरल्या दिवशी झाले. साक्षीदार म्हणून सही करताना माझी सही वाकडी झाली, ते तू पाहिलेस आणि पुढची काही वर्षे सांगत राहिलीस.

आपला वाद त्यानंतर सुरू झाला. मी पुण्याहून आले आणि आपण महात्मा गांधी रोडवरून गेलो की तो हमखास निघायचा. तुझे म्हणणे असे की ते हॉटेल मी तुझ्यासाठी निवडलेच नव्हते. येवल्यापर्यंत बातमी जावी म्हणून, आईसाठी निवडले होते. माझे म्हणणे असे की हेतू काहीही असो, निवड बरोबर होती. आंब्याखाली कुणी तबक घेऊन आले नसते, कुणी 'लावू ना?' असे विचारले नसते, आणि तू नाही म्हणून मोकळी झाली असतीस. यावर तू मान हलवायचीस. 'आंब्याखाली मी तुला नाही म्हणून सांगितलं असतं. घरी आले असते. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नसता. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना हो म्हणून आले असते. तू माझा एक दिवस वाचवलास, एवढंच.'

मी म्हणायचे, हे सिद्ध करता येणार नाही. तू म्हणायचीस, तुझंही नाही. ते खरेच होते. तो प्रयोग पुन्हा करता येणार नव्हता आणि तुलनेला दुसरी कुंदामावशी नव्हती. आता त्या हॉटेलच्या जागी मोबाइलचे मोठे दालन झाले आहे. काच तीच आहे. या आठवड्यात रिक्षातून जाताना मी वर पाहिले आणि मनातल्या मनात तुझा मुद्दा मान्य करून टाकला. एक दिवस तर एक दिवस. तू तो मला असा ऐकवायचीस, जसे काही उरलेले सुटे नाणे परत करते आहेस. तेव्हा मलाही तो थोडाच वाटला होता. तुझ्या आजाराने आपल्याला शेवटी जी वागणूक दिली ती पाहता, एक दिवस म्हणजे काय हे मला आता समजले आहे. तू गेलीस तेव्हा मी पुण्याहून निघून सिन्नरपर्यंत पोहोचले होते. मला तुला काही विशेष सांगायचे नव्हते. प्रयोगशाळेत माझी निवड झाल्याचे पत्र आले होते, तेवढे दाखवायचे होते, आणि त्यात काय काम आहे हे तुला कळेल असे सांगून पाहायचे होते.

आई लग्नाला आली नाही. पण पुढच्या वर्षी दिवाळीला आली. मग जाता-येता येऊ लागली. तिने तुझ्याशी अबोला धरला नाही. तिने उपास धरला. तिचा खरा उपास मंगळवारचा. पण तुझ्या दारात पाऊल ठेवले की गुरुवार असो, रविवार असो, तिचा उपास निघे. बहिणीला भेटायचे, पण तिच्या या नव्या संसारातले अन्न तोंडात घालायचे नाही, असा तो मार्ग होता. तू पहिल्याच वेळी ओळखलेस. वाद घातला नाहीस. भगर शिजवलीस, शेंगदाण्याची आमटी केलीस आणि ताट तिच्यासमोर ठेवलेस. 'उपासाचंच आहे, ताई. विचारू नकोस.' तिला खावे लागले. पुढच्या वेळी ती म्हणाली, निर्जळी आहे. तू म्हणालीस, बरं, मग मीही तुझ्याबरोबर. आणि संध्याकाळपर्यंत दोघी उपाशी एकमेकींसमोर बसून मळ्यावरच्या माणसांच्या गोष्टी करत राहिलात. तिची एसटी गेल्यावर तू मला फोन करून सांगितलेस, 'तुझ्या आईमुळे मला फार पुण्य लागतंय.' पाच वर्षे हे चालले. तुझ्या डब्यातली भगर कधी संपली नाही. तिने तुझ्याकडे कधी वरण-भात खाल्ला नाही. एकदा तरी जेव गं, असे तू म्हटल्याचे मी कधी ऐकले नाही. पण ती आली की तू भात नेहमीपेक्षा जास्त टाकायचीस, आणि रात्री आपण तो फोडणीला घालून खायचो.

आज दुपारी सवयीने मी तो डबा काढला आणि भगर निवडायला घेतली. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती म्हणाली, 'ते नको. वरण-भात टाक.'

'उपास नाही?'

'नाही.'

आम्ही तिघे जेवायला बसलो.  आई सावकाश जेवत होती. मग ताटाकडे पाहतच तिने विचारले, 'त्या दिवशी हॉटेलात काय काय होतं गं?'

कोणत्या दिवशी, हे तिने सांगितले नाही आणि मी विचारले नाही. मी आठवून सांगू लागले. दोन भाज्या होत्या, फुलके होते, कढी होती, मसालेभात होता. आई प्रत्येक पदार्थावर मान हलवत होती. 'आणि गोड?'

मला आठवेना. त्या हॉटेलची काच, जिना, रांगोळीचा रंग, तुझ्या नाकावरचे कुंकू हे सगळे मी डोळे मिटून सांगू शकते. पण तुझ्या केळवणाला गोड काय होते, हे मला सांगता आले नाही.

'सीताफळाची बासुंदी,' सुधाकरकाका म्हणाले.  'संध्याकाळी मला भेटायला आली तेव्हा सांगितलं तिनं. वाटी संपली आणि तिनं आणखी मागून घेतली.'

आईचा हात थांबला. 'मागून?'

'मागून घेतली असंच म्हणाली.'

'कुंदानं?' आई त्यांच्याकडे पाहत राहिली. सहा वर्षांत तिने त्यांच्याकडे इतके सरळ कधी पाहिले नव्हते. 'ती मागायची नाही कधी. मळ्यावर पंगतीत ताट रिकामं झालं तरी बसून राहायची तशीच. मलाच लांबून ओरडावं लागायचं, हिला वाढा म्हणून.' तिने पदराने डोळे पुसले आणि थोड्या वेळाने, स्वतःशीच बोलावे तशी म्हणाली, 'मागून घेतली ना? मग बरं.'

नंतर तिने ताट पुढे केले. 'मेधा, भात वाढ थोडा.'

मी वाढला. इतकी वर्षे राहून गेलेले ते वाढणे तुझे होते, मावशी.